मुदत औषधाची आणि मुदत पट्ट्याची

"डॉक्टर, ही गोळी मागच्याच महिन्यात एक्स्पायर झाली. टाकून देऊ की घेऊ?" हा प्रश्न मला आठवड्यातून दोन-तीनदा तरी विचारला जातो. गोळ्यांची पट्टी उलटी करून तारीख पाहण्याची सवय आता घराघरांत लागली आहे, ही चांगलीच गोष्ट आहे. पण काही वस्तू अशा असतात की त्या वर्षानुवर्षे नुसत्या पडून राहतात आणि एखाद्या दिवशी, सेकंदाच्या दहाव्या हिश्शात, त्यांनी आपला जीव वाचवायचा असतो. हेल्मेट, सीट बेल्ट, आग विझवण्याचे सिलिंडर. त्यांच्याही वयाचा हिशेब असतो. तो किती जण ठेवतात?

आज मी तुम्हाला अशा एका क्षेत्राबद्दल सांगणार आहे, जिथे हा हिशेब दाखवल्याशिवाय गाडी सुरूही करू देत नाहीत. ते क्षेत्र म्हणजे मोटर रेसिंग.

तुम्ही म्हणाल, फिजिशियनचा आणि शर्यतींचा काय संबंध? माझ्यापुरता संबंध साधा आहे. शर्यतीचे लायसन्स काढताना डॉक्टरांचे फिटनेस सर्टिफिकेट लागते. आमच्या नाशिकमध्ये मोटरस्पोर्टची आवड जुनी आहे, त्यामुळे असे फॉर्म घेऊन येणारी मुले माझ्या दवाखान्यात अधूनमधून येतात. पण त्याहून मोठा संबंध असा की, शर्यतीतल्या सुरक्षेच्या इतिहासात ठिकठिकाणी डॉक्टर भेटतात.

हेल्मेटमागचे डॉक्टर

१९५६ साली अमेरिकेत विल्यम 'पीट' स्नेल नावाचा एक हौशी ड्रायव्हर शर्यतीत डोक्याला मार लागून मरण पावला. त्याने हेल्मेट घातले होते. ते त्याला वाचवू शकले नाही. त्याच्या मित्रांनी आणि सहकाऱ्यांनी १९५७ मध्ये त्याच्या नावाने एक संस्था काढली. त्यात पुढाकार घेणारे डॉ. जॉर्ज स्नाइव्हली हे स्वतः डॉक्टर होते. बाजारात मिळणारी हेल्मेटे आपटून पाहायची आणि कोणते खरोखर काम करते ते ठरवायचे, हा त्यांचा उद्योग. आज रेसिंगच्या हेल्मेटवर आत जे 'स्नेल एसए'चे लेबल असते, ते याच संस्थेचे. दर पाच वर्षांनी ही संस्था नवे मानक आणते : एसए २०१०, एसए २०१५, एसए २०२०.

दुसरे नाव कर्नल जॉन पॉल स्टॅप. अमेरिकी हवाई दलातले हे डॉक्टर. १० डिसेंबर १९५४ रोजी त्यांनी स्वतःला पट्ट्यांनी रॉकेटच्या घसरगाडीवर बांधून घेतले. गाडीने ताशी १,०१७ किलोमीटर वेग गाठला आणि १.४ सेकंदात ती थांबली. त्यांच्या शरीरावर ४६.२ जी, म्हणजे स्वतःच्या वजनाच्या ४६ पटींहून अधिक भार आला. डोळ्यांतल्या रक्तवाहिन्या फुटून काही काळ दिसेनासे झाले, पण ते जगले. या प्रयोगाने एक गोष्ट सिद्ध झाली. माणसाचे शरीर आपल्याला वाटते त्यापेक्षा खूप जास्त सोसते, मात्र ते नीट बांधलेले असले पाहिजे.

"नीट बांधलेले" या दोन शब्दांतच आजचा सगळा विषय आहे.

टक्कर होते तेव्हा शरीरात काय होते?

एका अपघातात खरे तर तीन टकरा होतात. पहिली गाडीची भिंतीशी. दुसरी शरीराची पट्ट्याशी किंवा स्टिअरिंगशी. तिसरी आतल्या अवयवांची, म्हणजे मेंदूची कवटीशी आणि हृदयाची छातीच्या पिंजऱ्याशी. सुरक्षा साधनांचे काम एकच : थांबण्यासाठी मिळणारे अंतर आणि वेळ थोडा वाढवणे.

हिशेब करून पाहू. ताशी ६० किलोमीटरने जाणारी गाडी अर्ध्या मीटरमध्ये थांबली, तर सरासरी २८ जी इतका भार येतो. म्हणजे पाच किलोचे डोके त्या क्षणी १४० किलोचे होते. हा वेग शर्यतीचा नाही, आपल्या गंगापूर रोडचा आहे. शर्यतीत ५० जी गृहीत धरा आणि डोक्यावर हेल्मेट मिळून सहा किलो वजन धरा. मानेला ३०० किलोचा हिसका बसतो. धड पट्ट्याने बांधलेले असते, डोके मोकळे असते. ते पुढे फेकले जाते आणि कवटीचा तळ, जिथून मज्जारज्जू खाली उतरतो तिथले हाड, तडकते. याला आम्ही बेसिलर स्कल फ्रॅक्चर म्हणतो. तिथेच मेंदूचा देठ आणि मोठ्या रक्तवाहिन्या असतात, त्यामुळे पुष्कळदा रुग्ण दवाखान्यापर्यंत पोचतच नाही.

१९९४ मध्ये इमोला येथे रोलंड रॅट्झेनबर्गर आणि १८ फेब्रुवारी २००१ रोजी डेटोनाच्या शर्यतीत डेल अर्नहार्ट, दोघांचा मृत्यू या प्रकारच्या दुखापतीने झाला. यावरचा उपाय मात्र त्याआधीच तयार होता. अमेरिकेतले बायोमेकॅनिक्सचे प्राध्यापक रॉबर्ट हबर्ड आणि त्यांचे मेहुणे, ड्रायव्हर जिम डाउनिंग, यांनी १९८० च्या दशकात खांद्यावर बसणारे एक जू तयार केले. त्याचे नाव हान्स. हे जू खांद्याच्या पट्ट्यांखाली दाबून बसते आणि दोन छोट्या पट्ट्यांनी हेल्मेटला जोडलेले असते, त्यामुळे डोके धडाबरोबरच थांबते. अनेक ड्रायव्हरना ते अडचणीचे वाटे. अर्नहार्ट गेल्यावर त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नॅसकारने आणि २००३ मध्ये फॉर्म्युला वनने डोके-मान सांभाळणारे असे साधन सक्तीचे केले.

आता आगीचे पाहू. २९ नोव्हेंबर २०२० रोजी बहारीनमध्ये रोमाँ ग्रोजाँची गाडी ताशी १९२ किलोमीटर वेगाने कठड्यावर आदळली. ६७ जीचा धक्का बसला, गाडीचे दोन तुकडे झाले आणि तो जवळजवळ २७ सेकंद ज्वाळांत होता. ७० अंश सेल्सिअस तापमानाला उघडी त्वचा सुमारे एका सेकंदात खोलवर भाजते, हे लक्षात घ्या. तो स्वतः चालत बाहेर आला. मुख्य भाजणे हातांना होते. अंगावरचा सूट, आतले कपडे आणि डोक्यावरचा बालाक्लावा यांनी बाकीचे शरीर राखले. हे कपडे नोमेक्ससारख्या धाग्याचे असतात. हा धागा वितळत नाही, काळा पडून जाड होतो. साधे नायलॉनचे बनियन आत घातले तर ते वितळून त्वचेला चिकटते, म्हणून तेवढ्यावरूनही सूट असून नसल्यासारखा होतो.

मग नवाकोरा दिसणारा पट्टा बाद का?

इथे माझ्या दवाखान्यातली एक गोष्ट सांगतो. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

माझे एक जुने पेशंट आहेत, हार्डवेअरचे दुकान चालवतात, ब्लडप्रेशरसाठी माझ्याकडे येतात. त्यांचा मुलगा फिटनेसचा फॉर्म घेऊन आला. तेवीस वर्षांचा, तब्येतीने उत्तम. दृष्टी, ब्लडप्रेशर, हृदय, फिट येण्याचा इतिहास, सगळे तपासले आणि सही केली. बोलता बोलता त्याने सांगितले की, हेल्मेट आणि पट्ट्यांचा सेट त्याने दुसऱ्या एका ड्रायव्हरकडून निम्म्या किमतीत घेतला आहे. "दोनच रॅलीत वापरलंय, सर. एकदम फ्रेश." सामान बाहेर गाडीतच होते. मी म्हटले, दाखव बरे.

पट्टा खरोखर नवा दिसत होता. पण त्यावरच्या लेबलवर छापलेले वर्ष आधीच्या डिसेंबरात संपले होते. हेल्मेटच्या मागच्या बाजूला एक मोठा स्टिकर होता. तो मला आवडला नाही, कारण त्याच्या कडेखालून केसाएवढी बारीक रेघ बाहेर येत होती. मी सामानाचा परीक्षक नाही. मी एवढेच म्हटले, "शर्यतीच्या दिवसाची वाट पाहू नकोस. आधीच स्क्रुटिनियरना हे दाखव." स्क्रुटिनियर म्हणजे शर्यतीपूर्वी गाडी आणि सामान तपासणारा अधिकारी.

त्यांनी दोन्ही वस्तू बाद केल्या. नवे घ्यायला पैसे नव्हते, उसनेही मिळाले नाही. त्या रॅलीत मुलगा उतरू शकला नाही, भरलेली एन्ट्री फी गेली. वडील मला भेटायला आले ते चिडूनच. "डॉक्टरसाहेब, तो पट्टा मी दुकानातल्या हुकाला बांधून स्वतः लोंबकळून बघितला. टाका उसवला नाही. एका तारखेपायी पोराचं वर्ष वाया घालवलंत!"

त्यांचा राग मला कळत होता. मुलाने सहा महिने पार्टटाइम काम करून ते पैसे जमवले होते. पण त्यांच्या चाचणीत एक गफलत होती. त्यांचे वजन ८० किलो, म्हणजे पट्ट्यावर ८० किलोचा भार आला. ५० जीच्या टकरीत ७५ किलोचा ड्रायव्हर त्याच पट्ट्यांवर ३,७५० किलोचा भार टाकतो. सहा ठिकाणी वाटला गेला तरी तो लोंबकळण्यापेक्षा कितीतरी पट जास्त. आणि समजा, ३,७५० किलोचा भार टाकून पट्टा टिकला, तरी ताणला गेल्यामुळे तो पुन्हा वापरता येणार नाही.

खरी अडचण इथे आहे. या वस्तूंची खरी परीक्षा घेतली की वस्तूच संपते. हेल्मेटच्या आत थर्मोकोलसारखा कडक फोमचा थर असतो. तो एकदाच दबतो आणि दबण्यातच त्याचे काम होते. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून प्रयोगशाळेत तुमचे हेल्मेट आपटत नाहीत, त्याच्या भावंडांना आपटतात. तुमच्या वस्तूबद्दल फक्त तीन गोष्टी कळू शकतात : ती कोणत्या मानकाची आहे, तिचे वय किती आहे आणि तिच्यावर काय काय बेतले आहे. वय लेबलवर असते. काय बेतले ते विकणाऱ्यालाच माहीत असते. म्हणून दुसऱ्याचे हेल्मेट आणि दुसऱ्याचा पट्टा घेऊ नये.

पट्टा पॉलिस्टरसारख्या धाग्यांनी विणलेला असतो. ऊन, घाम, तेल, पेट्रोल, बॅटरीतले ॲसिड, धूळ यांनी धागा आतून अशक्त होतो. सूर्यप्रकाशातल्या अतिनील किरणांनी तर रंग फिका पडायच्याही आधी ताकद कमी होऊ लागते. अर्नहार्टच्या अपघातानंतर त्याचा डाव्या बाजूचा कंबरपट्टा तुटलेला आढळला होता. तो का तुटला यावर बरीच चर्चा झाली, आणि पट्टा कसा बसवला आहे, तो बकलमध्ये एका बाजूला गोळा होतो का, याकडे सगळ्यांचे लक्ष गेले.

तीन गटांत विभागणी

शर्यतीच्या सामानाचे मी समजण्यासाठी तीन गट करतो.

पहिला गट, मुदत संपली की निरोप द्यायचा. यात हेल्मेट येते. साधारण पाच वर्षांनी किंवा एका जोरदार आपटण्यानंतर, जे आधी घडेल तेव्हा ते बदलावे, अशी स्नेलची शिफारस आहे. एफआयए या जागतिक संघटनेच्या मानकाच्या पट्ट्यांवर कोणत्या वर्षाअखेरपर्यंत ते वैध आहेत ते छापलेले असते. त्यानंतर ते स्पर्धेत चालत नाहीत.

दुसरा गट, मूळ निर्मात्याकडे पाठवून पुन्हा प्रमाणित करून घ्यायचा. अमेरिकेतल्या एसएफआय मानकाच्या पट्ट्यांची मुदत दोन वर्षे असते. निर्माता धातूचे भाग तपासतो, विणलेला पट्टा नवा घालतो आणि नव्या तारखेचे लेबल लावतो. खिडकीच्या जाळीचेही तसेच, दोन वर्षे. एसएफआय मानकाच्या हान्ससारख्या साधनांना पाच वर्षांनी निर्मात्याची तपासणी लागते. एफआयएच्या ८८५५-१९९९ मानकाच्या सीटची मुदत पाच वर्षे, ती निर्मात्याने तपासून आणखी दोन वर्षे वाढवता येते. पेट्रोलच्या लवचीक सुरक्षा टाकीलाही पाच वर्षे, आणि तपासणीनंतर जास्तीत जास्त दोन. आग विझवण्याची सिलिंडरे दर दोन वर्षांनी तपासून घ्यावी लागतात. दोन्हीकडे नियम एकच : दुरुस्ती गल्लीतल्या शिलाई मशीनवर नाही. एक टाका जरी घरी घातला तरी प्रमाणपत्र गेले.

तिसरा गट, दर वेळी स्वतः पाहायचा. पट्ट्याची कड उसवली आहे का, बकलला गंज आहे का, टोकाचे धातू वाकले आहेत का. मोठ्या अपघातानंतर मुदत शिल्लक असली तरी पट्टे बदलायचेच. सूट ब्लीचमध्ये किंवा कपडे मऊ करणाऱ्या द्रवात धुवायचा नाही. प्रायोजकांचे बिल्ले शिवायचे तर फक्त सर्वात बाहेरच्या थरावर, कारण सुई सगळ्या थरांतून गेली की थरांमधली हवा, जी उष्णता अडवते, ती अडवू शकत नाही. हेल्मेट मनाने रंगवायचे नाही, रंगातले थिनर कवच खाते. लहान मुलांसाठी वेगळ्या मानकाची हलकी हेल्मेटे असतात. बारा वर्षांच्या मानेवर मोठ्या माणसाचे हेल्मेट म्हणजे ओझेच.

पट्टा कुठून जातो?

ही बाब तुमच्या-माझ्या गाडीलाही लागू आहे. कंबरेचा पट्टा पोटावर नव्हे, ओटीपोटाच्या हाडांवर, मांड्यांच्या सुरुवातीला घट्ट बसला पाहिजे. तो वर पोटावर असला तर टकरीत शरीर त्याखालून सरकते आणि पट्टा आतड्यांत, प्लीहेत रुततो, कंबरेचा मणका मधोमध आडवा फाटू शकतो. १९४८ मध्ये डॉ. चान्स यांनी वर्णन केलेले हे फ्रॅक्चर पट्टा चुकीचा बांधलेल्यांत आम्हाला दिसते. गरोदर स्त्रियांनीही पट्टा बांधायचाच, पण पोटाच्या खालून.

शर्यतीच्या गाडीत खांद्याचे पट्टे मागे खाली उतरतात, तो कोन आडव्या रेषेपासून १० अंशांच्या आत असावा, अशी एफआयएची शिफारस आहे, आणि ४५ अंशांच्या पुढे तर चालतच नाही. कोन जास्त झाला तर टकरीत पट्टाच मणक्याला खाली दाबतो. म्हणजे उत्तम पट्टा चुकीच्या जागी बांधला तर तोच इजा करतो.

वडिलांचे पुढे काय झाले?

ते चार महिने आले नाहीत. आले तेव्हा ब्लडप्रेशर १७०/१०० होते. गोळ्या मध्येच थांबवल्या होत्या. "मागच्या वेळी तर नॉर्मल होतं ना," ते म्हणाले. मी फाइल काढून त्यांच्यासमोर ठेवली. शेवटची नोंद सात महिन्यांपूर्वीची होती. ते बराच वेळ त्या तारखेकडे पाहत राहिले, मग म्हणाले, "म्हणजे माझंही लेबल संपलं म्हणायचं." दोघेही हसलो. गोळ्या पुन्हा सुरू झाल्या.

मी देतो ते फिटनेस सर्टिफिकेटही सही केलेल्या दिवसापुरतेच खरे असते. उद्या काय होईल याची हमी त्यात नसते. म्हणून शर्यतीचे लायसन्स दर वर्षी नवे काढावे लागते. माणसाचे एक बरे आहे, त्याला न मोडता पुन्हा तपासता येते. हेल्मेटला ते भाग्य नाही.

मुलगा पुढच्या मोसमात नव्या पट्ट्यांसह उतरला. मग मोठा अपघात झाला आणि नव्या पट्ट्याने त्याला वाचवले, असे काही घडलेले नाही. तो शर्यती पूर्ण करतो, कधी पहिल्या पाचात येतो, कधी गाडी बिघडते. तो पट्टा एकदाही कसोटीला न उतरता मुदत संपून निवृत्त व्हावा, अशीच माझी इच्छा आहे.

तुमच्यासाठी

आपल्यापैकी बहुतेक जण कधी शर्यतीत उतरणार नाहीत, पण स्कूटरवरून भाजी आणायला रोज जातात. म्हणून एवढे करा.

दुचाकीचे हेल्मेट उलटे करून आत आयएसआयचा शिक्का आणि आयएस ४१५१ हा क्रमांक आहे का पाहा. बनवल्याचे वर्ष पाहा. पाच वर्षे झाली असतील किंवा एकदा जोरात आपटले असेल तर बदला. ते रॉकेलने किंवा पेट्रोलने पुसू नका. आतल्या अस्तराला केसांचे तेल आणि घाम मुरला असेल तर सौम्य साबणाच्या पाण्याने धुऊन सावलीत वाळवा. दिवसभर उन्हात आरशाला टांगून ठेवू नका, त्यावर बसू तर मुळीच नका. हनुवटीची पट्टी लावून हेल्मेट मागून पुढे ढकला. निघून आले तर ते हेल्मेट नव्हे, टोपी आहे.

गाडीचा मोठा अपघात झाला असेल तर सीट बेल्ट बदलला का, हे सर्व्हिस सेंटरला विचारा. बेल्ट आवळणारी यंत्रणा एकदाच उडते. जुनी गाडी घेताना पट्टा पूर्ण बाहेर ओढून कडा पाहा.

सोसायटीच्या जिन्यातल्या सिलिंडरचा काटा हिरव्या पट्ट्यात आहे का आणि तपासणीच्या चिठ्ठीवरची तारीख कोणती आहे, हे आज वर चढताना पाहा. आणि चढताना धाप लागली, तर स्वतःची शेवटची तपासणी कधी झाली होती तेही आठवा.

काळजी घ्या.